पाद्री नावाचं खोटं काडतूस

"मान खाली घातलीस. म्हणजे घाबरलीस. लाज नको वाटून घेऊ, पण खोटंही बोलू नको."

हा आवाज होबार्टचा. फार जुना. तो माणूस आता चर्चमागच्या टेकडीवर सासरच्या लोकांशेजारी निजला आहे, त्याच्या उशाला रानटी गुलाब वाढले आहेत. पण माझ्या रिकाम्या पोटात तो आवाज अजून घुमतो, विहिरीत घागर घुमते तसा.

मित्रांनो, मी एक जुनं खोटं काडतूस आहे.

खरं काडतूस कसं असतं, ते आधी सांगतो. धातूची एक नळकांडी, तिच्या तोंडात शिशाची गोळी, पोटात दारू आणि बुडाला एक इवलीशी टिकली. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की घोडा त्या टिकलीवर आपटतो, दारू पेटते आणि गोळी सुटते. माझंही सगळं असंच आहे, फक्त पोटात दारू नाही, आणि टिकलीच्या जागी पेन्सिलीमागच्या खोडरबराचा तुकडा आहे. माझ्यावर घोडा आपटला की नुसतं 'टक्' होतं. बस, इतकंच माझं बोलणं. जन्मभर मी एवढा एकच शब्द बोललो.

होबार्ट कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. त्यानं मला केंटकीच्या डोंगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात, बायको मक्याचा पाव भाजत असताना, टेबलावर बसून घडवलं. कोणीतरी उडवलेली ॲल्युमिनियमची रिकामी नळकांडी त्यानं उचलली, पुसली, तिच्यात शिशाची गोळी बसवली. घरासमोरच्या टपालपेटीची लाल पट्टी रंगवून थोडा रंग उरला होता. त्या रंगात त्यानं मला बुडवलं आणि दोऱ्याला बांधून खिडकीत वाळत घातलं. ऊन आलं की मी चेरीसारखा दिसायचो. होबार्ट म्हणाला, "लाल दिसलं पाहिजे. खऱ्यात मिसळलं तर अनर्थ."

त्याची बायको व्हर्ना. आधी शाळेची बस चालवायची, मग नवऱ्याच्या जोडीनं घरामागच्या मैदानात लोकांना बंदूक चालवायला शिकवू लागली. कोणी खिशात, कोणी पर्समध्ये, कोणी कमरेला लहान बंदूक बाळगणारे लोक. तिकडे ते काही विशेष नाही. शिकवण्याची त्यांची एक रीत होती. शिकणाऱ्याकडे पाठ करून व्हर्ना रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चाकातल्या घरांत खऱ्या गोळ्या भरायची आणि त्यांच्यात मला कुठेतरी लपवायची. शिकणारा नेम धरून उडवत जायचा. धाड, धाड. मग माझी पाळी यायची. टक्. धडाका नाही, धूर नाही. आणि नेमक्या त्या क्षणी सगळ्यांना दिसायचं की बार होण्याआधीच, नुसत्या भीतीनं, त्याच्या हातानं नळी खाली झुकवली आहे. बार झाला असता तर ते धक्क्यात खपून गेलं असतं. माझ्यापुढे खपत नसे.

म्हणून होबार्टनं माझं नाव ठेवलं पाद्री. "हा आला की सगळे मान खाली घालतात," तो म्हणायचा, "आणि मग खरं कबूल करतात."

किती माणसांची भीती मी पाहिली आहे, मित्रांनो. मोठमोठ्या दंडांची, दाढीवाल्यांची, लष्करात जाऊन आल्याचं सांगणाऱ्यांची. भीती हातात राहते. चेहरा हसतो, तोंड गप्पा मारतं, पण हात खोटं बोलू शकत नाही. आणि मीही भ्यायचो बरं का. अंधाऱ्या चाकात मी खऱ्यांच्या शेजारी बसायचो. ते मुके, जड, पोटात आग घेऊन निजलेले. चाक फिरायचं, घोडा मागे जायचा, आणि आता कोण, आता कोण, एवढंच मनात यायचं.

होबार्ट गेला. व्हर्ना एकटी शिकवू लागली. हाताळून हाताळून माझा लाल रंग उडत गेला. आधी कडा गेल्या, मग पोट, शेवटी तोंडाशी एक पुसट डाग राहिला, कोणाच्या ओठाला लागलेल्या जांभळासारखा. "याला रंग लावायचा राहिलाय," व्हर्ना दर वसंतात म्हणायची. रंगाचा डबा गोठ्याच्या फळीवर होता. पण ते काम होबार्टचं होतं, आणि होबार्टची कामं करायला तिचा हात उठत नसे.

रंगाऐवजी तिनं एक नियम धरला. शिकवणी संपली की ती सगळ्यांना उभं करायची आणि म्हणायची, "खिसे उलटे." टेबलावर सगळं ओतायचं, मला वेगळं काढून तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवायचं, मगच घरी जायचं. तो नियम होता म्हणून रंगाशिवाय चालून गेलं. बरीच वर्षं चाललं.

मग एका एप्रिलमध्ये रीथा आली.

रीथा घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची. डोंगराच्या खोऱ्याखोऱ्यांतून गाडी हाकायची. कोणाची जखम पुसायची, कोणाला औषध पाजायचं, कोणाची नखं कापायची. फेब्रुवारीत एका घराच्या ओसरीवर मागून कोणीतरी तिचा हात पिरगाळला आणि वेदनेच्या गोळ्यांची पिशवी हिसकावून नेली. तिला चेहरा दिसला नाही. फक्त हाताचा वास आला, पेट्रोलचा आणि ओल्या कुत्र्याचा. तेव्हापासून पेट्रोल भरायला थांबली तरी ती गाडीला पाठ टेकूनच उभी राहायची. मागून कोणी 'रीथा' म्हटलं की हातातली वस्तू पडायची.

तिच्या बहिणीचा नवरा डॉयल आपली गाडी तिच्या गाडीपुढे हाकत तिला घेऊन आला होता. त्यानंच तिला रिव्हॉल्व्हर घेऊन दिलं होतं. अडतीसचं, म्हणजे अडतीस मापाच्या गोळीचं, माझ्याच मापाचं, पण इतकं हलकं आणि लहान की तिच्या तळव्यात मावायचं.

"वजन बघा, व्हर्नाबाई," डॉयल म्हणाला, "एका बटाट्याएवढं. पर्समध्ये टाकलं की ही विसरूनच जाईल."

"बंदूक ही विसरायची वस्तू आहे का रे?"

"तसं नाही हो. बाईमाणसाच्या नाजूक हाताला हलकं बरं."

"उचलायला बरं. उडवायला नाही. धक्का कुठेतरी जाणारच ना? जड लोखंड तो गिळून टाकतं. हे तुझं बटाटं सगळा धक्का तिच्या मनगटात ओतणार. असं कर, तुझ्या बायकोलाच का नाही घेऊन दिलंस?"

"तिला दिलं तर मी झोपू कुठे?"

रीथा हसली. फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण डॉयल तिच्याकडे बघतच राहिला.

व्हर्नानं टेबलावर आपल्या लहान बंदुका मांडल्या, एखादी काकू नव्या सुनेपुढे बांगड्या मांडते तशा. बावीसची इवली, जिला धक्का म्हणून नाहीच. बत्तीसचं जुनं रिव्हॉल्व्हर. नऊ मिलिमीटरची चपटी काळी, जिचा वरचा भाग मागे ओढून भरावी लागते; रीथाच्या पिरगाळलेल्या मनगटाला ते जमेना. आणि अडतीसचंच, पण भरीव पोलादाचं, पावलाएवढं लांब आणि विटेसारखं जड.

"कोणकोण काय म्हणालं तुला?" व्हर्नानं विचारलं.

"धान्याच्या दुकानातला म्हणाला, नऊच्या खाली जाऊ नको. केस कापणारी म्हणाली, बावीस पुरे, आवाजानंच पळतात. आमचे पाद्री म्हणाले, मोठ्यात मोठी घे आणि देवावर विश्वास ठेव."

"सगळ्यांनी गोळीचं माप सांगितलं. तुझ्या हाताचं माप कोणी घेतलं का?"

रीथानं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी ते घेऊ. जी तुला नेम धरून उडवता येईल आणि जिचा सराव करताना तू रडणार नाहीस, ती तुझी. माप त्यानंतर. मी तर ही पोलादी सांगेन, आत कमी दारूच्या मऊ गोळ्या घालून."

"ती खिशात लटकते, व्हर्नाबाई. आमचे कामाचे कपडे पातळ. आजाऱ्याला दिसली तर तो बिचारा माझ्या हातून औषध घेईल का?"

"तेही खरं." व्हर्नानं पोलादी आणि हलकं, दोन्ही तिच्यापुढे सरकवली. "चल, दोन्ही उडवून बघ. आमच्या पाद्रीसमोर उभी राहा. तो सांगेल."

रीथानं सरावासाठी गोळ्या आणल्या होत्या त्या सगळ्यांत स्वस्त, ॲल्युमिनियमच्या नळकांडीतल्या. करड्या, फिक्या. माझ्यासारख्याच. व्हर्नानं मला त्यांच्यात ठेवलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा चर्र झालं. मी माझ्या शेजाऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, मी आरशात पाहतो आहे.

पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये मी आलो तेव्हा नळी थोडीशीच झुकली. मग हलकं आलं. धाड. रीथाच्या तोंडून हुंदका निघाला. धाड. तिचे डोळे मिटले. मग माझी पाळी. टक्. आणि नळीनं अशी मान खाली घातली, जणू समोरच्या गवताचीच माफी मागते आहे.

"बघितलंस?" व्हर्ना मऊ आवाजात म्हणाली. "आवाजाला भितेस का?"

"नाही."

"मग त्या चोराला?"

"त्याला तर भितेच. पण आत्ता त्याला नाही."

"मग कशाला गं?"

"बोट कधी ओढतं ते मला कळतच नाही, व्हर्नाबाई. माझ्या आधी तेच ठरवतं."

व्हर्ना काहीतरी उत्तर देणार होती. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तेच झालं असतं. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. खोऱ्यात वरच्या अंगाला वीज गेली होती. तिथे व्हर्नाचा थोरला भाऊ आर्लिस एकटा राहायचा. खाणीच्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती, प्राणवायूच्या यंत्रावर त्याचा श्वास चालायचा. शेजारीण सांगत होती, रस्त्यावरून किती हाका मारल्या, आर्लिस उत्तर देत नाही.

"माझी गाडी डॉयलच्या गाडीमागे अडकलीय, काढेपर्यंत वेळ जाईल," व्हर्ना म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "रीथा, तू—"

"निघालेच मी. माझ्या गाडीत प्राणवायूची जास्तीची टाकी आहे."

आर्लिसची सेवा रीथाच करायची. व्हर्नानंच तिला ते काम मिळवून दिलं होतं. रीथानं चाक टेबलावर रिकामं केलं, हलकं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये टाकलं, टेबलावरच्या उरलेल्या गोळ्या, आणि त्यांच्यात मलाही, एका हातानं गोळा करून जाकिटाच्या खिशात लोटलं, आणि धावली.

खिसे उलटे, असं कोणी म्हणालं नाही.

मित्रांनो, त्या खिशात मी ओरडलो असतो, पण माझ्याजवळ एकच शब्द आहे आणि तो माझ्या हातात नाही. गाडी खडकाळ रस्त्यावर उडत होती. खरी काडतुसं माझ्या अंगावर आपटत होती. अंधार, कापूस, च्युइंगगमची एक पट्टी, आणि आम्ही.

आर्लिसच्या अंगणात गाडी थांबली. दुपार होती, पण दरीत धुकं उतरलं होतं. घराचं दार सताड उघडं होतं. रीथानं हाक मारली. उत्तर नाही. ओसरीवर एक खुर्ची उलटी पडली होती. तिच्या श्वासाचा आवाज मला कापडातून ऐकू येत होता, छोटा, तुटका, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखा. मग पर्समधून रिव्हॉल्व्हर निघालं आणि तिची बोटं खिशात आली. थंड, ओली. तिनं न बघताच आम्हाला उचललं, डोळे दारावरच होते, आणि चाचपून चाचपून चाकाच्या घरांत भरलं. एक मूठभर गोळ्या, त्यात मी. चाक बंद झालं.

आत अंधार होता. कोणत्या घरात मी बसलो होतो, घोडा कोणाकडे पाहत होता, मला कळेना. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. आजवर माझ्यापुढे कागदाचं लक्ष्य असायचं.

रीथा घरात गेली. बिछाना रिकामा. यंत्र गप्प. पांघरूण जमिनीवर. ती मागच्या दारानं बाहेर आली, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेली. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. आणि मागून एका हातानं तिचा दंड धरला.

ती वळली. चाक फिरलं. बोटानं ठरवलं.

टक्.

माझं नशीब म्हणू, की त्याचं? घोड्याखालच्या त्या घरात मी होतो.

समोर आर्लिस उभा होता. पाठीला लहानशी प्राणवायूची टाकी बांधलेली, नाकात नळ्या, डोक्यावर मेलेल्या बायकोची लोकरीची टोपी. कानातलं यंत्र त्यानं घरीच ठेवलं होतं, म्हणून त्याला ना शेजारणीच्या हाका ऐकू आल्या होत्या, ना माझा शब्द. त्याच्या हातात पावाची रिकामी पिशवी होती, आणि तिच्यात रानातल्या पानांखाली उगवणाऱ्या जाळीदार अळंब्या. डोंगरातले लोक त्यांना कोरड्या जमिनीचे मासे म्हणतात. एप्रिलमध्ये थोडेच दिवस सापडतात, आणि जागा कोणी कोणाला सांगत नाही.

"अगं, अगं," आर्लिस धापा टाकत म्हणाला, "माझ्याच कोंबड्यांसमोर मला उडवतेस का काय? ठेव ते. तूच तर रोज मागे लागतेस, काका चाला, काका चाला. आज चाललो, तर बंदूक."

रीथानं नळी जमिनीकडे वळवली.

"घाबरवलं का मी तुला? खुर्चीला लाथ लागली जाताना, उचलायला वाकवेना. बघ, काय आणलंय." आणि तो म्हातारा, ज्याचा प्राण माझ्या पोटातल्या रिकामेपणावर तोललेला होता, लहान मुलासारखं गुणगुणू लागला:

नाही नदी, नाही गळ,
पानाखाली मासा,
ज्याला दिसला त्यानं खावा,
बाकीच्यांनी हसा.

रीथानं त्याला धरून आत नेलं, भरलेली टाकी जोडली, पांघरूण घातलं. मग मक्याच्या पिठात घोळवून तिनं ते मासे तळले, कारण तो हट्ट धरून बसला होता. एकही तिच्या घशाखाली उतरला नाही. "खा गं पोरी, वर्षातून एकदा मिळतात," तो म्हणत राहिला.

संध्याकाळी गाडीत बसून तिनं चाक उघडलं आणि आम्हाला मांडीवर ओतलं. एकेकाला उलटं करून पाहिलं. माझ्या बुडाला टिकलीच्या जागी काळपट रबर दिसलं, तोंडाशी तो पुसट लाल डाग. ती माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या खऱ्या काडतुसाकडे. मग तिनं मला एकट्याला उचलून जाकिटाच्या खिशात ठेवलं.

पुढचं सगळं आर्लिसनंच केलं, आणि प्रेमानंच केलं. त्यानं बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, चर्चच्या जेवणात राजमा वाढणाऱ्या बायांना सांगितलं. "पोरीनं बंदूक काढली, थेट माझ्या छातीवर. आणि ओळखलं. ओळखून थांबली! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. असला शांत हात मी खाणीतल्या सुरुंगवाल्याचाही पाहिला नाही."

रीथा म्हणाली, "काका, राहू द्या ना." लोकांना वाटलं, किती विनयी आहे.

व्हर्नानं तिला मिठी मारली. "आणि म्हणे बोट माझ्या आधी ठरवतं," ती म्हणाली. "थांबलीस की नाही? शिकलेलं अंगात उतरतं बघ." रीथानं तोंड उघडलं होतं. मी तिच्या जाकिटात होतो, मला कळलं. पण व्हर्ना रडत होती, भाऊ वाचल्याच्या आनंदात, आणि रीथाचं तोंड मिटलं.

मी तंबाखूच्या डबीत परत गेलो नाही. रीथाच्या घरी बटणांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात तिनं मला ठेवलं. व्हर्नानं मला गोठ्यात शोधलं, गवतात शोधलं, मैदानाच्या मातीच्या बांधावर गुडघे टेकून शोधलं, असं मी ऐकलं. "होबार्टच्या हातचं होतं," ती म्हणायची. मग तिनं दुकानातून नारिंगी प्लास्टिकची खोटी काडतुसं आणली. त्यांना नाव नव्हतं.

बटणांमध्ये मी दोन वसंत काढले. हस्तिदंती बटणं, शिंपल्याची बटणं, कोणा बाळाच्या सदऱ्याचं बदकाचं बटण. त्यांच्यात भीती नव्हती. पण रीथात होती. ती रात्री उठून हलकं रिव्हॉल्व्हर कुलपात आहे ना, ते बघायची. ते आता ती कुठेच नेत नव्हती. लोकांना मात्र वाटायचं, नेते. पेट्रोलपंपावर बायका तिला थांबवायच्या. "रीथा, तुझं कोणतं गं? तेच घ्यायचंय मला." डॉयल तर अभिमानानं सांगत फिरायचा, "मी सांगितलं होतं, बाईमाणसाला बटाटाच बरा." आणि कधी कधी ती डबा उघडायची, मला तळहातावर घ्यायची, आणि अंगठ्यानं माझ्या बुडाचं रबर चाचपायची. तिच्या ओठांची हालचाल व्हायची. आवाज यायचा नाही.

मग व्हर्नाचा फोन आला. "शनिवारी ये गं. नवीन बाया आहेत. आर्लिसची गोष्ट मी सांगतेच दरवेळी, पण तुझ्या तोंडून ऐकू दे एकदा त्यांना."

दरवेळी सांगते. हे शब्द रीथानं फोन ठेवल्यावर पुन्हा पुन्हा म्हटले.

शनिवारी मी तिच्या मुठीत होतो. टेबलाभोवती काही बाया बसल्या होत्या, कॉफीचे कागदी पेले घेऊन. त्यातली एक होती लव्हाडा, शाळेत स्वयंपाक करणारी, हसरी, जाडजूड. तिनं पर्समधून तसलंच हलकं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं.

"अगदी तुझ्यासारखंच घेतलं बघ," ती रीथाला म्हणाली. "नवरा रात्रपाळीला असतो ना. लेक कधीही घरी येते, बूट हातात घेऊन, चोरासारखी. मी नवऱ्याला म्हटलं, काही काळजी नको. माझा हात कापतो, नेम धड नाही, पण व्हर्नाबाई सांगतात ना, ओळखीचं माणूस असलं तर हात आपोआप थांबतो. रीथाचा थांबला."

"थांबतोच," व्हर्ना म्हणाली. "सांग गं रीथा."

मित्रांनो, इथे मी जरा थांबतो, कारण यापुढे बोलायचं ते माझं नाही. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात, कोणाच्या कपाटात बंदूक दिसली, तर ती खेळण्याएवढी लहान असो की काठीएवढी लांब, हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा. ती रिकामी आहे असं कोणी म्हटलं तरी मानू नका. मी तिच्या पोटात राहिलो आहे. आत अंधार असतो, आणि खरं कोण, खोटं कोण, ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. आणि मोठे झालात की खोट्या वस्तूचा रंग उडाला तर तो त्याच दिवशी लावा. ज्याचं ते काम होतं तो माणूस गेला असला तरी लावा. मी अनर्थातून वाचवलं म्हणून माझं कौतुक करू नका. मी तिथे असायलाच नको होतो. एका घरानं चाक पुढे असतं, तर आज माझ्याजवळ सांगायला चांगलं काही नसतं, आणि त्या टेकडीवर होबार्टच्या शेजारी आणखी एक दगड असता.

रीथानं मूठ उघडली. मी टेबलावर घरंगळलो, लव्हाडाच्या रिव्हॉल्व्हरला टेकून थांबलो.

"अगं, पाद्री!" व्हर्ना उठूनच उभी राहिली. तिनं मला उचललं, चष्मा वर करून पाहिलं. "कुठे होता हा? किती शोधलं मी. रीथा, कुठे सापडला?"

रीथाचा हात टेबलावर पसरलेला होता. तो कापत होता. तिनं तो लपवला नाही. मान मात्र खाली घातली नाही. व्हर्नाच्या डोळ्यांत बघितलं, मग लव्हाडाच्या.

"माझ्या चाकात," ती म्हणाली. "त्या दिवशी आर्लिसकाकांच्या अंगणात. मी थांबले नव्हते, व्हर्नाबाई. मी चाप ओढला होता."